वंशावळीतला भाचा

तुरपाईचं मशीन बंद पडलं तेव्हा फेब्रुवारीची दहा तारीख होती आणि प्यो बुनीमच्या दुकानात एकशे चाळीस गणवेश टांगलेले होते.

दुकान चोंगजूमधल्या एका जुन्या इमारतीच्या जिन्याखाली होतं. दोन्ही हात पसरले की बोटं दोन्ही भिंतींना लागायची. मागे कापडाची कड बांधायचं ओव्हरलॉक, मध्ये साधं मशीन आणि काचेजवळ, उजेडात, तुरपाईचं. बाहेरून दोरा दिसणार नाही असा टाका ते घालायचं. शाळा दोन मार्चला उघडतात. आया मुलांना दोन मापं मोठे गणवेश घेतात, कारण मुलं वाढतात आणि पगार वाढत नाहीत. मग ते खालून दुमडून शिवायचे. नाक्यावरच्या गणवेशाच्या दुकानाने हे काम एकोणीस वर्षं बुनीमलाच दिलं होतं. यंदा ते दुकान मालकाच्या मुलाच्या हाती गेलं. तो म्हणाला, "दोन तारखेला एक जरी पोरगं लोंबती पँट घालून शाळेत गेलं ना, तर पुढच्या वर्षीपासून सगळं काम मॉलमधल्या दुरुस्तीवाल्यांना."

आणि हे काम गेलं की दुकान गेलं. उरलेले दहा महिने बुनीम चेन बदलणं आणि बाह्या आखूड करणं यावर कसेबसे काढायची.

मेकॅनिकने मशीन उघडलं, आत बोट घातलं आणि काळं झालेलं बोट तिला दाखवलं. "दात झिजलेत. भाग मिळणार नाही. कंपनीच उरली नाही."

हाताने तुरपाई करायची तर एका पँटला अर्धा तास. बुनीम त्रेसष्ट वर्षांची. उजव्या अंगठ्याचा सांधा सुजलेला. सुई टोचू नये म्हणून तर्जनीवर घालायचं अंगुस्तान तिने स्वतःच शिवलेलं, लाल कापडाचं, वर पांढरी टीप. दोन दिवस ते घालून ती हाताने शिवत बसली. एकवीस झाले. तिसऱ्या दिवशी सकाळी अंगठा मिटेना.

तेव्हा तिने जुन्या वस्तूंच्या ॲपवर मशीन शोधायला सुरुवात केली.

यात ती अडाणी नव्हती, हे सांगायलाच हवं, कारण पुढे सगळ्यांनी तिला अडाणी धरलं. भाताचा कुकर, दुकानातला हीटर, बसायची खुर्ची, सगळं तिने अनोळखी लोकांकडून याच ॲपवर घेतलं होतं. मुलगी नारे इंचॉनला नोकरीला. तिने आईला एक नियम पढवला होता आणि तो बुनीमने जाड पेनने लिहून आरशाखाली चिकटवला होता: पैसे ॲपकडे ठेवायचे. वस्तू हातात आली, चालवून बघितली, मगच बटण दाबायचं, तेव्हाच ते विकणाऱ्याला मिळतात. शेजारच्या लाँड्रीतला मो म्हातारा मासेमारीच्या गळाचे पैसे थेट खात्यात भरून बसला होता आणि गळाच्या जागी त्याला काहीच आलं नव्हतं, तेव्हा बुनीम वर्षभर त्याला विचारायची, "काय मो शेठ, आज काय लागलं गळाला?"

मशीन सापडलं. तेच मॉडेल, फोटो स्वच्छ, तीन लाख ऐंशी हजार वॉन. विकणारा लिहायचा नीट, अदबीने. वडील शिंपी होते, वारले, कारखान्याची जागा गुरुवारी रिकामी करून द्यायची आहे.

बुनीमने लिहिलं, "ॲपच्या सुरक्षित पेमेंटने घेईन."

"घ्या ना, मावशी. फक्त ते पैसे माझ्या हाती यायला आठवडा जातो आणि मला गुरुवारी जागेचा हिशोब मिटवायचाय. तुमचा विश्वास बसावा म्हणून माझं ओळखपत्र पाठवतो."

ओळखपत्राचा फोटो आला. शेवटचे आकडे बोटाने झाकलेले. नाव: प्यो ह्योनतेक. पुढे कंसात तेच नाव चिनी अक्षरांत.

बुनीमने चष्मा पुसला.

प्यो. आयुष्यात आपल्या घराबाहेरचे प्यो तिला बोटांवर मोजण्याइतके भेटले होते. आणि 'ह्योन' हे पिढीचं अक्षर, कुळातल्या एका पिढीच्या सगळ्या मुलांच्या नावात येणारं. तिच्या भावाला मुलगा झाला असता तर त्याच्या नावात हेच अक्षर आलं असतं. भाऊ सव्विसाव्या वर्षी समुद्रावर गेला तो परत आला नाही, आणि ते अक्षर कुणाला न देताच राहिलं.

इथे तिने जे केलं ते आठवलं की पुढे कित्येक दिवस तिच्या कानशिलांत रक्त चढायचं. तिने स्वतःच लिहिलं, "तुम्ही ह्योन पिढीचे का? मीही प्योच. तुमच्या वडिलांच्या पिढीची."

पलीकडे 'टाइप करत आहे' दिसलं, मिटलं, पुन्हा दिसलं. मग अक्षरं उमटली.

"काय सांगता! म्हणजे तुम्ही माझ्या आत्या झालात."

आत्या. तिला त्रेसष्ट वर्षांत कुणी या नावाने हाक मारली नव्हती. तशी हाक मारणारं माणूस जन्मालाच आलं नव्हतं.

ती पोटमाळ्यावरच्या खोक्यातून वंशावळ काढायला गेली. निळ्या कापडी बांधणीचे तीन खंड. वडील गेल्यावर ते न्यायला कुणी उरलं नव्हतं म्हणून तिच्याकडे आलेले. पानांवर वरून खाली वाहत जाणारी नावं, बापाखाली मुलगा, मुलाखाली नातू. अर्ध्या तासाने ते सापडलं. प्यो ह्योनतेक. तीच चिनी अक्षरं, जन्मसाल एक्क्याण्णव, ओळखपत्रावर होतं तेच. त्याच उघडलेल्या पानाच्या उजव्या अंगाला तिच्या वडिलांचं नाव होतं, त्याखाली भावाचं आणि शेजारी 'जावई यम जोंगहो'. तिचा नवरा, तोही आता नाही. लग्नानंतरही बाईचं आडनाव बापाचंच राहतं, म्हणून ती प्योच. बुनीम नव्हती. मुलींची नावं त्या आवृत्तीत घालत नसत. मुलीच्या जागी तिचा नवरा लिहीत. याचं तिला कधी वाईट वाटलं नव्हतं. आपलं नाव नसलेल्या पुस्तकाने दुसऱ्याची ग्वाही दिली आणि तिने ती मानली.

तिने पानावर अंगुस्तानातलं बोट टेकवून फोटो काढला आणि पाठवला. "हे बघ तू. आणि हे माझे वडील."

"आत्या, माझ्या डोळ्यांत पाणी आलं," त्याने लिहिलं. "तुम्ही म्हणाल तर आपण ॲपमार्फतच करू. नियम तो नियम."

हा त्याचा खरा डाव. त्याने आग्रह केला असता तर ती सावध झाली असती. त्याने तिच्यावर सोडलं आणि तिलाच लाज वाटली. बाप गेलेल्या भाच्याला म्हणायचं, तुझ्यावर विश्वास नाही, मध्ये तिसरा माणूस बसव? तिने आरशाकडे पाठ केली आणि त्याने दिलेल्या खात्यात थेट पैसे पाठवले. खातं बायकोच्या नावाचं होतं. पैसे बायकोच सांभाळते म्हणाला. यात बुनीमला काही खटकलं नाही. तिच्याही घरात तिनेच सांभाळले होते.

शुक्रवारी ती मालवाहतूक कंपनीच्या डेपोत गेली. खिडकीतल्या माणसाने भाच्याने पाठवलेला पार्सलचा नंबर दोनदा टाकला.

"बाई, हे पार्सल काल सोकचोला पोचलं. कुत्र्याचं खाणं. वीस किलो."

तिने फोन उघडला. विकणाऱ्याच्या नावाच्या जागी करडा गोल होता आणि खाली लिहिलं होतं: हा सदस्य आता नाही.

*

बँकेतली मुलगी फार गोड बोलत होती. बुनीमला पुढे कितीतरी दिवस सगळ्यात जास्त राग त्या गोडव्याचाच यायचा.

"मॅडम, ते खातं आम्हाला गोठवता नाही येणार."

"का? चोराचं खातं आहे ते."

"कुणी फोनवर तुमची मुलगी बनून किंवा सरकारी वकील बनून पैसे काढले असते, तर आत्ता एका मिनिटात गोठवलं असतं. त्यासाठी कायदा आहे. हा मालाच्या खरेदीचा व्यवहार आहे. त्याला तो लागत नाही."

"अहो, तो माझा भाचा बनला होता!"

मुलीने समोरचा कागद वरखाली बघितला. हे तिच्या कागदात नव्हतं. तिने मागे जाऊन कुणाला तरी विचारलं आणि परत आली. "पण मॅडम, पैसे तुम्ही भाचा म्हणून दिलेत की मशीनचे दिलेत?"

"दोन्हीचे!"

"मशीनचे असतील तर मग नाही."

"म्हणजे चोराने कुठलं सोंग घेतलं त्यावर तुमचं कुलूप लागणार? त्याने माझ्यासाठी वेगळं सोंग घ्यायला हवं होतं का?"

रांगेतली माणसं बघायला लागली. मुलीने तिला जिनसेंगची एक गोळी दिली. बुनीमने ती काउंटरवरच ठेवली.

पोलीस ठाण्यात तरुण हवालदाराने तक्रार टाइप करता करता विचारलं, "आजी, सुरक्षित पेमेंट का नाही केलंत?"

हेच मो शेठने विचारलं. हेच नारेने फोनवर विचारलं आणि मग रडली. हेच गणवेशवाल्या पोराने विचारलं, वर म्हणाला, "ते तर शाळेतल्या पोरांनाही कळतं." बुनीमच्या लक्षात आलं की सगळं शहर, ती काय चुकली, हे विचारतंय. तो कुठे आहे, हे कुणीच विचारत नाही. जणू चोर म्हणजे हवा. थंडी वाजली तर दोष ज्याने स्वेटर घातला नाही त्याचा.

"त्याचं ओळखपत्र आहे माझ्याकडे," ती हवालदाराला म्हणाली. "पत्ता आहे. जेचॉनचा. जा आणि पकडा."

"याच ओळखपत्राच्या सात तक्रारी आल्यात, आजी. तो माणूस यातला नाही. त्याच्याकडे जाऊ नका."

ती गेली. पण आधी प्यो कुळाच्या मंडळाच्या कचेरीत फोन केला. पलीकडून एक म्हातारा सचिव बोलला.

"तुम्ही कुणाच्या?"

"प्यो दोंगसिकची मुलगी."

पानं उलटल्याचा आवाज. "दोंगसिक. मुलगा एक, वारला. मग जावई यम जोंगहो."

"तो माझा नवरा."

"हां, म्हणजे तुम्ही त्या नोंदीतल्या." नोंदीतल्या! "आणि ह्योनतेकचं विचारताय? आहे, जेचॉनला आहे. चांगला मुलगा. सभासद-वर्गणी मात्र कधी भरत नाही."

बुनीमने रिसीव्हर आपटला.

*

जेचॉनला बस दुपारी पोचली. तिसऱ्या मजल्यावरच्या दारापुढे उभं राहून तिने बसमध्ये पाठ केलेली सगळी वाक्यं तोंडात जमवली. पण दारावर प्लास्टिकच्या कव्हरात घातलेला एक कागद चिकटवलेला होता.

'मी प्यो ह्योनतेक. मी तुम्हाला काही विकलेलं नाही. माझ्या ओळखपत्राचा फोटो चोराकडे आहे. आत लहान बाळ आहे, कृपया दार वाजवू नका, लाथ मारू नका. खालच्या नंबरवर फोन करा, मी बाहेर येतो.'

'लाथ मारू नका' हे नंतर वेगळ्या पेनने घातलेलं होतं. दाराच्या खालच्या भागावर पोचा आलेला होता.

तिने फोन केला. सिमेंटच्या धुळीने पापण्या पांढरट झालेला एक थोराड तरुण बाहेर आला आणि काही विचारायच्या आत कमरेत वाकला.

"माफ करा. किती गेले तुमचे?"

"तू कशाला माफी मागतोस?" बुनीम कडाडली. तिला भांडायचं होतं आणि भांडायला समोर कुणी नव्हतं. "दिलंस कशाला ओळखपत्र चोराला?"

"बाळासाठी गाडीतली खुर्ची घेत होतो. तो म्हणाला, आधी मी माझं पाठवतो, मग तुम्ही तुमचं पाठवा, म्हणजे दोघांचा विश्वास. त्याने पाठवलं. ते तिसऱ्याच कुणाचं तरी होतं." त्याने तळहाताने डोळे चोळले. "ती बाई पोहांगची. मी तिला जाऊन भेटलो. तिच्या दारावरही असाच कागद आहे. मजकूर मी तिचाच उतरवलाय."

बुनीम जिन्याच्या पायरीवर बसली. एकाच्या विश्वासाने दुसऱ्याला पकडायचं, दुसऱ्याच्या विश्वासाने तिसऱ्याला. या माळेत चोराचं स्वतःचं काहीच लागलेलं नव्हतं. सगळा माल भल्या माणसांचा.

"तू ह्योन पिढीचा," ती शेवटी म्हणाली. "मी तुझ्या वडिलांच्या पिढीची. प्यो."

"असं?" तो गोंधळला. "मला त्यातलं काही कळत नाही हो. ती पुस्तकं आजोबा गेल्यावर रद्दीत दिली आम्ही."

त्या खोट्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. हा खरा. याच्या डोळ्यांत सिमेंट होतं. बुनीमला पहिल्यांदा हसू आलं, पण ते चांगलं हसू नव्हतं.

"मशीन कसलं हवं होतं, आजी?"

"आजी नको म्हणू. तुरपाईचं. बारा दिवसांत शाळा उघडतात."

तो तिथेच, पायरीवर तिच्या शेजारी बसून फोनवर शोधायला लागला. वोंजूमध्ये एक होतं, म्हातारा शिंपी दुकान मोडत होता. "तासाभराचा रस्ता. माझा टेम्पो खाली आहे. चला." मग म्हणाला, "पण पैसे ॲपकडेच ठेवा हं."

"मला शिकवतोस?" बुनीम म्हणाली आणि उठली.

*

वोंजूचा ग्योन म्हातारा दुकानाच्या दारातच उभा होता, गळ्यात मापाची पट्टी, जणू अजून कुणी कोट शिवायला येणार आहे.

"चोंगजूहून आलात? अहो, माझी सासुरवाडी चोंगजूची! कुठल्या भागातल्या तुम्ही? आडनाव काय म्हणालात?"

"आडनाव राहू द्या. मशीन दाखवा."

"आधी बसा, चहा घ्या..."

"पैसे ॲपकडे ठेवलेत. मी यावर तुरपाई घालून बघणार. टाका आवडला तर बटण दाबणार. नाही आवडला तर जाणार."

म्हाताऱ्याचं तोंड आक्रसलं. "बेचाळीस वर्षं या रस्त्यावर आहे मी. माझ्यावर असा संशय कुणी घेतला नाही."

"मग आज पहिल्यांदा घेतलाय असं समजा."

"आणि तुम्ही टाका घालून पळालात तर? मुलगा म्हणालाय, पैसे खात्यात पडल्याशिवाय मशीनला हात लावू द्यायचा नाही, हल्ली गिऱ्हाइकंच चोर असतात."

"पन्नास किलोचं मशीन काखेत मारून पळू? या अंगठ्याने?"

ह्योनतेक मध्ये पडायला पुढे झाला. दोघांनी एकदमच त्याच्याकडे डोळे वटारले.

बुनीमने पिशवीतून गणवेशाची एक पँट काढली. चोंगजूहून निघतानाच तिने ती घेतली होती. राग कितीही असो, काम सोबत न्यायची तिची सवय होती. कड दुमडली, मशीनखाली सरकवली, पायाने पेडल दाबलं. मशीन खोकलं आणि धावू लागलं. तिने कापड उलटलं, उजेडाकडे धरलं, नखाने टाका ओढून पाहिला. म्हाताराही नकळत पुढे वाकला. बाहेरून दोरा दिसत नव्हता.

"ताण थोडा जास्त आहे," ती म्हणाली.

"डावा स्क्रू पाव फेरा सैल करा," म्हातारा घुश्शातच म्हणाला.

तिने केला. पुन्हा शिवलं. मग फोन काढला आणि बटण दाबलं. म्हाताऱ्याचा फोन खिशात वाजला. त्याने तो कानाला लावून पाहिला, मग लांब धरून वाचला, आणि खणातून सुयांचं एक पाकीट काढून मशीनवर ठेवलं. चहा मात्र पुन्हा विचारला नाही.

*

एक मार्चला दुपारी शेवटचा गणवेश गेला. गणवेशवाला पोरगा मोजून म्हणाला, "एकशे चाळीस. झालं की." शाबासकी नाही, पुढच्या वर्षाबद्दल शब्द नाही. पण काम नेलंही नाही.

पाच तारखेला पोलीस ठाण्यातून फोन आला. पैसे सापडले असतील असं वाटून बुनीमने हातातली कात्री खाली ठेवली.

"आजी, एक विचारायचं होतं. गांगनुंगच्या एका बाईंची तक्रार आलीय. विकणाऱ्याने त्यांना ओळख म्हणून वंशावळीच्या पानाचा फोटो पाठवला. आम्ही चांगल्या घरातले, हे बघा, म्हणाला. फोटोत पानावर एक बोट आहे. लाल टोपी घातलेलं. ते तुमचं तर नाही?"

बुनीमने आपल्या बोटाकडे पाहिलं.

तो फोटो तिनेच काढला होता. तिनेच पाठवला होता. आता तो गावोगाव हिंडत होता आणि तिचं बोट वाट दाखवत होतं, हे बघा, हे खरं, यांना पैसे द्या. तिच्या बापाच्या नावावर, भावाच्या नावावर. ज्या पानाने तिला घेतलं नव्हतं त्यावर तिचं बोट कायमचं छापलं गेलं होतं, आणि तेही चोराच्या बाजूने साक्ष द्यायला.

"माझंच आहे," ती म्हणाली. "लिहून घ्या. नाव प्यो बुनीम. आणि पकडताय कधी त्याला?"

"तपास चालू आहे, आजी."

"माझं बोट सापडतं तुम्हाला. तो नाही सापडत."

तिने दुकानाचं दार आतून लावलं आणि वंशावळ काढली. तेच पान उघडलं. त्यावर कागदाची एक रुंद पट्टी आडवी ठेवली आणि आरशाखालच्या त्याच जाड पेनने लिहिलं:

'हे पान चोराच्या हातात आहे. ते पाठवून कुणी नातं सांगितलं तर पैसे पाठवू नका. वस्तू हातात घेऊन, चालवून पाहीपर्यंत पैसे ॲपकडेच ठेवा, समोरचा सख्खा भाऊ असला तरी. हे बोट माझं आहे. प्यो बुनीम, कपडे दुरुस्ती, चोंगजू.'

याचा फोटो ॲपवर सगळ्यांना दिसेल असा टाकणार, असं सांगून नारेला फोनवर वाचून दाखवलं तर ती ओरडली, "आई, नाव, गाव कशाला घालतेस? लोक दारावर येतील. ह्योनतेकच्या दारावर लाथा मारल्या तशा तुझ्या काचेवर मारतील."

"येऊ देत."

"निदान प्यो तरी काढ. सगळ्या कुळाला लाज."

"आहे कुठे मी त्या कुळात? बघ की उघडून."

नारेने फोन ठेवला.

बुनीमने लाल अंगुस्तान चढवलं. तर्जनी पट्टीवर, आपल्या नावाच्या बरोबर खाली, टेकवली. अंगठा ठणकत होता म्हणून फोन डाव्या हातात धरला. पहिला फोटो हलला. दुसऱ्यात नावावर सावली पडली. तिसरा तिने काचेजवळ जाऊन, नव्या मशीनवर पुस्तक ठेवून, भर उजेडात काढला.